एकाच सम्पवर दुसरा रीफ टँक जोडताना

दोन रीफ टँक (कोरलचे, खाऱ्या पाण्याचे) एकाच सम्पवर, म्हणजे खालच्या फिल्टरच्या टाकीवर, घेण्याचा विचार चांगलाच आहे. पाणी वाढलं की तापमान आणि क्षारता (पाण्यातलं मिठाचं प्रमाण) चटकन हलत नाही, घाण फेसातून काढणारा स्किमरही एकच पुरतो. पण याबद्दलचे बहुतेक सल्ले लाइट न जाणाऱ्या गावांसाठी असतात. जळगाव-धुळ्याकडे पाइप कापण्याआधी एकच हिशोब करायचा: लाइट गेली की सम्पमध्ये किती पाणी उतरणार?

नव्या टँकला ओव्हरफ्लोचं, म्हणजे वरचं पाणी सम्पमध्ये उतरवायचं, भोक दुकानातूनच पाडून आणा. काच टफन असेल तर भोक पाडताना चुरा होते, त्यामुळे ते आधी विचारा. कडेला लटकवायचा सायफनचा ओव्हरफ्लो मात्र अजिबात घेऊ नका. लाइट जाते, सायफनमध्ये हवा शिरते. लाइट आली की पंप पाणी वर ढकलत राहतो आणि खाली थेंब येत नाही. मग टँक भरून फरशीवर.

प्रत्येक टँकचा ड्रेन (पाणी खाली आणणारा पाइप) वेगळा सम्पपर्यंत आणा. टी (तीन तोंडांचा जोड) लावून दोन्ही एकत्र करू नका. रिटर्नला, म्हणजे पाणी सम्पमधून परत वर पाठवायलाही, दोन छोटे पंप घ्या. एका मोठ्या पंपावर दोन फाटे काढले की पाणी सोप्या वाटेने पळतं आणि तुम्ही व्हॉल्व्ह पिळत बसता. शिवाय एक पंप बंद पडला तरी दुसरा टँक चालू राहतो.

आता परतीचं पाणी. मला सगळ्यात जास्त झुंजवलं ते यानेच. पंप बंद पडला की रिटर्नचा पाइप उलटा सायफन होतो आणि टँकमधल्या त्याच्या टोकाचं, नोझलचं, तोंड उघडं पडेपर्यंत टँक रिकामा करतो. १२० बाय ६० सेंमीच्या टँकमध्ये दर सेंमीला ७.२ लिटर, ९० बाय ४५ च्या टँकमध्ये सुमारे ४ लिटर. दोन्हीकडे पातळी ३ सेंमी उतरली तर जवळपास ३४ लिटर, ओव्हरफ्लो बॉक्स आणि पाइपमधलं पाणी वेगळं. ९० बाय ४० च्या सम्पमध्ये हे साडेनऊ सेंमी चढतं. एका टँकपुरता बेतलेला सम्प इथेच ओसंडतो.

म्हणून नोझल पाण्याच्या पातळीखाली सेंमी-दीड सेंमीच ठेवा. पातळीच्या किंचित खाली पाइपला बारीक भोक पाडा, म्हणजे हवा लवकर शिरेल. शेवाळ त्याला बुजवतं, दर आठवड्याला काडीने मोकळं करा. ‘चेक व्हॉल्व्ह लाव, झालं’ हा सल्ला ऐकू नका. पाणी उलटं येऊ न देणाऱ्या त्या झडपेत चुना साचतो, गोगलगाय अडकते आणि नेमका नको तेव्हा तो बंद होत नाही.

मीठ घालण्याआधी साध्या पाण्यावर चाचणी घ्या. दोन्ही पंप एकदम बंद करा आणि तिथेच उभे राहा. नोझलपाशी गुळुक आवाज येतो, धार तुटते, पण ओव्हरफ्लोचं पाणी बराच वेळ ठिबकत राहतं. ते पूर्ण थांबल्यावर सम्पच्या काठापर्यंत चार बोटं जागा उरलीच पाहिजे. मग पंप सुरू करा, पातळी स्थिर झाली की सम्पमधल्या रिटर्न पंपांच्या कप्प्यावर मार्करने रेघ मारा. त्या रेघेवर कधीच भरायचं नाही.

मे महिन्यात भुसावळकडे पारा ४५ च्या आसपास असताना दोन टँकचं बाष्पीभवन त्या एकाच कप्प्यात दिसतं. सकाळी भरलेला कप्पा संध्याकाळी पंप उघडा पाडतो. ऑटो टॉप-अप (उडालेलं पाणी आपोआप भरणारी सोय) लावाच, आणि पाणी आरओ-डीआयचंच, म्हणजे गाळून क्षार काढलेलं. बोअरचं नाही.

पाणी एक झालं की रोगही एकच. कोणत्याही टँकमध्ये इच (माशांवर पांढरे ठिपके आणणारा रोग) असेल तर जोडणी पुढे ढकला. जोडल्यावर तांब्याचं औषध तिथे घालायचं नाही, कोरल आणि कोळंबी मरतात. मासा बाहेर काढूनच उपचार करा.

शेवटी नव्या टँकची क्षारता ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग), तापमान जुन्याइतकं, अमोनिया शून्य. मग जोडणीचा व्हॉल्व्ह थोडा थोडा उघडा.