मुलांच्या हातातले यूट्यूब : या चुका टाळा

सांगलीत आमच्या घरी चार वर्षांचा मुलगा समोर मोबाइल उभा करून दिल्याशिवाय वरणभाताला तोंड उघडत नसे, आणि चार घास पोटात जातात या समाधानात आम्ही वर्षभर ती सवय पोसली. माझ्या मते सर्वांत मोठी चूक हीच आहे, कारण पडद्यात गुंतलेल्या मुलाचे भुकेकडे आणि पोट भरल्याकडे लक्षच राहत नाही. सवय मोडायला निघालो तेव्हा पहिल्या दिवशी तो अर्धी पोळी खाऊन उठला. आजींचा जीव तुटत होता, तरी त्या वाटी घेऊन मागे धावल्या नाहीत, म्हणूनच आठ-दहा दिवसांच्या रडारडीनंतर ते जमले.

फोन हातात दिल्यावर ‘आता पुरे’ म्हणत तो मध्येच हिसकावून घेणे ही दुसरी चूक. गोष्ट ऐन रंगात असताना पडदा काळा झाला, तर मूल आकांत करणारच. त्यापेक्षा ‘दोन व्हिडिओ’ असे आधी ठरवावे आणि ऑटोप्ले बंद ठेवावे, म्हणजे दुसरा संपल्यावर तिसरा आपोआप सुरू होत नाही. इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या मार्गदर्शनानुसार २ वर्षांखालील मुलांना पडदा देऊच नये, आणि २ ते ५ वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त १ तास, तोही मोठ्यांच्या देखरेखीखाली द्यावा.

अनेक घरांत मूल आईवडिलांच्याच खात्यावर व्हिडिओ पाहते. मग मोठ्यांनी पाहिलेल्या गोष्टींवरून आलेल्या शिफारशी त्याच्यासमोर येतात. लहानांसाठी यूट्यूब किड्स हे वेगळे अ‍ॅप आहे. त्यात वयोगट निवडता येतो, शोध बंद करता येतो आणि टाइमर संपला की अ‍ॅप थांबते. तरीही टाइमर टिकत नाही अशी तक्रार असेल, तर कुलूप तपासावे : पालकांची सेटिंग उघडण्यासाठी अ‍ॅप एक गुणाकार विचारते, आणि पाढे पाठ असलेला आमचा तिसरीतला भाचा तो चुटकीसरशी सोडवत असे. स्वतःचा पासकोड ठेवल्यावर ती वाट बंद झाली. पुढे तो टीव्हीकडे वळला, कारण फोनवर लावलेला टाइमर टीव्हीवरच्या यूट्यूबला लागू होत नाही; तिथली व्यवस्था वेगळी करावी लागते.

या सगळ्याहून अवघड चूक मोठ्यांची आहे. आपल्याच जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ मध्ये संध्याकाळी ७ वाजता भोंगा वाजवून ८.३० पर्यंत टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवण्याचा निर्णय घेतला, तो संपूर्ण गावासाठी. केवळ मुलांचा फोन काढून घेतला आणि बाप रील्स पाहत बसला, तर ते मुलाला अन्यायाचेच वाटते. आता आमच्याकडे ७ वाजता सर्वांचे फोन फ्रीजवर जातात, आणि पहिला माझा ठेवला गेला की नाही हे मुलगा स्वतः पाहून येतो.