बंड्याची गोळी: कुत्र्याला मनाचं औषध सुरू करण्याआधी

मेडिकलवाल्याने चिठ्ठी वाचली आणि विचारलं, "पेशंटचं नाव?" म्हटलं, "बंड्या." "आडनाव?" "कुत्रा आहे हो तो." त्याने एकदा फ्लुओक्सेटिनच्या, म्हणजे माणसांना नैराश्यावर देतात त्या गोळ्यांच्या, पट्टीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. घरी सासूबाई तयारच होत्या: "आमच्याकडे कुत्री अंगणात मोकळी असायची, कुणाला नाही लागल्या गोळ्या."

त्यांचं अगदीच चूक नाही. डोंबिवलीतल्या वन बीएचकेत दिवसभर कोंडलेला, सकाळी दहा मिनिटं खाली फिरवून आणलेला कुत्रा भुंकणारच. त्याला गोळी देणं म्हणजे आपली सोय पाहणं. म्हणून आधी महिनाभर सकाळ-संध्याकाळ नीट फिरवा, हुंगू द्या. तेवढ्याने भागलं तर पुढचं वाचूच नका.

नाही भागलं, तर जुना मोबाइल चपलांच्या रॅकवर उभा करा, रेकॉर्डिंग चालू ठेवा आणि बाहेर पडा. कंटाळलेला कुत्रा बऱ्याचदा आधी मस्त झोपतो, मग निवांत चप्पल फोडतो. बंड्याने तसं काहीच केलं नाही. चौथ्या मिनिटाला धापा सुरू, लाळेचं थारोळं फरशीवर, मग दाराच्या चौकटीवर नखं. चौकटीचा सनमायका निघून आत रक्ताचे ठिपके. त्याची जीव की प्राण असलेली कलेजी वाटीत तशीच. हा हट्ट नव्हे, ही एकटं राहण्याची घाबरगुंडी. सासूबाईंनी तो व्हिडिओ अर्धाच पाहिला.

हाच व्हिडिओ डॉक्टरांना दाखवा, पण आधी अंग तपासायला सांगा. कान, दात, सांधे, रक्त, लघवी. दुखऱ्या कुत्र्याचा स्वभाव बदलतो, आणि आपण त्याला 'बिघडला' म्हणतो. बंड्याच्या कानात जंतुसंसर्ग निघाला. तो बरा झाला, दार ओरबाडणं मात्र तसंच राहिलं.

इथे एक फसगत सांगते. त्याआधीच्या दिवाळीत एका ठिकाणी मला नुसतं गुंगीचं औषध मिळालं होतं. फटाके वाजत होते आणि बंड्या गपगार पडून होता. मला हायसं वाटलं. जवळ जाऊन पाहिलं तर डोळे टक्क उघडे, कान मागे आणि फटाक्याच्या प्रत्येक आवाजाला अंगावर शहारा. असेप्रोमाझिनसारखी औषधं अंग सुस्त करतात, भीती आत तशीच राहू शकते. म्हणून डॉक्टरांना सरळ विचारा: हे भीतीवरचं औषध आहे की झोपेचं?

रोजची औषधं वेगळी. अमेरिकेत औषधांना मान्यता देणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेने क्लोमिप्रामिनला १९९८ मध्ये आणि फ्लुओक्सेटिनला २००७ मध्ये मान्यता दिली ती कुत्र्यांच्या याच त्रासासाठी, एकटं राहण्याच्या भीतीसाठी. दोन्हींच्या माहितीपत्रकात सोबत सवय बदलण्याची शिकवणी करायला सांगितली आहे. 'औषध की ट्रेनिंग' हा वाद म्हणूनच मला फोल वाटतो. घाबरलेलं डोकं काही शिकत नाही आणि नुसती गोळी काही शिकवत नाही.

डॉक्टरांपासून दोन गोष्टी लपवू नका. कुत्र्याला कधी फिट आली असेल तर ती, आणि गोचिडांसाठी काय लावता ते. आपल्याकडे आंघोळीच्या पाण्यात घालायचं अमिट्राझ सर्रास वापरतात, आणि ते या दोन्ही औषधांसोबत चालत नाही. मी बाटलीच पिशवीत घालून नेली होती. घरात कुणाची तीच गोळी असली तरी अंदाजाने तोडून देऊ नका.

पहिल्या आठवड्यात बंड्याची भूक मेली, दिवसभर मलूल. मी रडकुंडीला आले. डॉक्टरांना कळवलं, त्यांनी लक्ष ठेवायला सांगितलं, दहाएक दिवसांत तो जेवू लागला. फरक दिसायला चार ते सहा आठवडे धरा. आणि बंद करायची वेळ आली की डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे हळूहळू कमी करा, एकदम नाही. गोळी कशात द्यायची? तूप लावलेल्या पोळीतून तो ती अलगद बाजूला काढून ठेवायचा. उकडलेल्या बटाट्यात हरला.

मधल्या काळात शिकवणी. किल्ल्या वाजवायच्या आणि सोफ्यावर बसायचं. चपला घालायच्या, भाजी निवडायची. किल्ल्यांना तो दचकेनासा झाला की दाराबाहेर पाच सेकंद, मग दहा. धापा लागायच्या आत परत यायचं. एकदा मी शेजारणीशी बोलत राहिले आणि आठवड्याची मेहनत पाण्यात गेली. या काळात त्याला खरोखर एकटं ठेवायचं नसतं, म्हणून मी ऑफिसात असताना राखणीला सासूबाई. आता बटाटा त्याच उकडतात.

पाचवा महिना चालू आहे. बंड्या चाळीस मिनिटं एकटा राहतो. एक्केचाळिसाव्या मिनिटाला काय करतो ते मला माहीत नाही, त्याआधीच मी कुलूप उघडते.