आईस हॉकीत करिअर? जर्मनीतल्या मराठी पालकांसाठी

माझा मुलगा मानहाइमजवळच्या एका क्लबात आईस हॉकी खेळतो. त्यामुळे वालडॉर्फ-हायडेलबर्गकडे नव्याने आलेल्या मराठी घरांतून हमखास विचारणा होते, "यात पुढे काही आहे का हो?" आहे. पण एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या सर्वोच्च लीगमध्ये चमकणाऱ्या लिऑन ड्राइसाइटलकडे बघून हिशेब मांडू नका.

ड्राइसाइटल मूळचा कोलोनचा. वडील पेटर स्वतः जर्मनीच्या राष्ट्रीय संघातून खेळलेले. पोरगा मानहाइमच्या युंगआडलर या ज्युनियर संघात तयार झाला आणि 2012 मध्ये ज्युनियर लीग खेळायला कॅनडात प्रिन्स अल्बर्टला गेला. 2014 च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएचएलचे संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा, एडमंटनने त्याला तिसऱ्या क्रमांकावर उचललं. इथवरची गोष्ट इथल्या पोरांना तोंडपाठ असते. पण एनएचएलच्या पहिल्या मोसमात 37 सामन्यांत त्याचे जेमतेम 2 गोल झाले आणि त्याला परत ज्युनियरमध्ये धाडलं, हे फारसं कोणी सांगत नाही. पुढे 2020 मध्ये हार्ट ट्रॉफी, म्हणजे एनएचएलच्या सर्वात मोलाच्या खेळाडूचा किताब, मिळवणारा पहिला जर्मनही तोच. एरफुर्टमध्ये वाढलेल्या मोरिट्झ झायडरलाही अशीच वाट बघावी लागली. 2019 मध्ये तो आडलर मानहाइमकडून जर्मन विजेता झाला, त्याच वर्षी डेट्रॉइटने त्याला सहाव्या क्रमांकावर घेतलं, तरी एनएचएलच्या बर्फावर उतरायला 2021 उजाडलं. मधला काळ अमेरिकेतल्या दुय्यम लीगमध्ये आणि स्वीडनमध्ये गेला.

ही झाली लाखात एक मुलं. बाकीच्यांचं पोट चालतं ते डीईएल या जर्मनीतल्या सर्वोच्च लीगवर आणि तिच्या खालच्या डीईएल-2 वर. डीईएलमध्ये संघ फक्त 14. त्यातल्या बऱ्याच जागा कॅनडा-अमेरिकेहून आलेल्या तयार खेळाडूंनी अडवलेल्या. परदेशी खेळाडूंवर मर्यादा आहे म्हणून जर्मन मुलांना वाव मिळतो, पण विशीतला पोरगा तिथे बहुधा चौथ्या फळीत असतो आणि सामन्यात काही मिनिटंच बर्फावर येतो. म्हणून फ्योर्डरलिझेन्त्स हा तरुण खेळाडूंसाठीचा परवाना नीट समजून घ्या. या परवान्यावर तरुण खेळाडू वरच्या क्लबात राहून खालच्या लीगमधल्या सहकारी क्लबाकडूनही खेळू शकतो. शुक्रवारी वरच्या संघात बाकावर बसायचं आणि रविवारी खालच्या संघात वीस मिनिटं घाम गाळायचा. माझ्या मते पोरं घडतात ती या रविवारी.

सुरुवात सोपी आहे. गावातल्या फेराइनची (क्लबाची) लाउफशूले, म्हणजे स्केटिंगची शाळा, शोधा. चार-पाच वर्षांची मुलं तिथे खुर्चीसारखा आधार ढकलत बर्फावर चालायला शिकतात. साहित्य नवं घेऊ नका, दर वर्षी माप बदलतं. बहुतेक क्लबांत जुन्या सामानाची देवघेव चालते आणि गोलकीपरचं महागडं सामान क्लबच देतो. स्केट्स मात्र पायाला घट्ट बसणारे घ्या, "पुढच्या वर्षीही चालतील" हा आपला हिशेब इथे लागू नाही. आणि हो, कपडे बदलायच्या खोलीतला तो वास! पॅड दर वेळी बॅगेतून काढून वाळवलेच पाहिजेत, नाहीतर गाडीलाही तो कायमचा चिकटतो. मुलगी असेल तर तीही लहानपणी मुलांच्याच संघात खेळते. महिलांच्या लीगमध्ये मात्र अजून नोकरी-शिक्षण सांभाळूनच खेळावं लागतं.

खरी परीक्षा चौदा ते सोळा या वयात. चांगला खेळणारा मुलगा घर सोडून मानहाइमला किंवा थेट ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गच्या रेड बुल अकादमीत जातो. म्युनिकचा पेटरका साल्झबुर्गहूनच पुढे एनएचएलपर्यंत गेला. यावेळी प्रशिक्षकाला फक्त "खेळ कसा आहे?" एवढंच विचारू नका. वसतिगृहात अभ्यासाकडे कोण बघतं, सामन्यांमुळे बुडालेले तास कधी भरून काढतात, हेही विचारा. अबितूर (विद्यापीठासाठीची शालान्त परीक्षा) नको असेल तर आउसबिल्डुंग (व्यवसायाचं प्रशिक्षण) तरी पूर्ण व्हायलाच हवी, यावर मी अडून बसतो. इथे करार बरेचदा एक-दोन मोसमांचे असतात आणि संघ खाली घसरला तर पगाराचं गणितही बदलतं. आठ वेळा विजेता ठरलेला ड्युसेलडॉर्फचा संघसुद्धा 2025 मध्ये खाली गेला. गुडघा गेला तर पगारी खेळाडूला बेरूफ्सगेनोसेनशाफ्टचा, म्हणजे कामावरच्या अपघातांचा विमा बघणाऱ्या संस्थेचा, अपघात विमा असतो. उपचार आणि पुनर्वसन त्यातून होतं, पण पुढचं करिअर तो देत नाही.

आपल्यासाठी आणखी एक गाठ आहे ती पासपोर्टची. जर्मन राष्ट्रीय संघात खेळायचं तर जर्मन नागरिकत्व लागतं. 2024 पासून जर्मनीला दुहेरी नागरिकत्व चालतं, भारताला चालत नाही. म्हणजे भारतीय पासपोर्ट परत करून ओसीआय कार्ड घ्यायचं. आमच्या घरी यावर अजून एकमत नाही. आजोबांसमोर तर हा विषय काढायचीही सोय नाही.