जेलीफिनचा ॲडमिन पासवर्ड विसरलात? आधी हे करा
नॅसवरच्या (घरच्या नेटवर्कला जोडलेला स्टोरेजचा डबा) जेलीफिनचा (आपले सिनेमे-मालिका घरातल्या स्क्रीनवर दाखवणारा सर्व्हर) पासवर्ड विसरलात तर लगेच सगळं उडवून नव्याने इन्स्टॉल करू नका प्लीज, बघून झालेल्या एपिसोडची नोंद वगैरे सगळं जातं. घरच्याच वायफायवर राहून (बाहेरून नाही चालत) लॉगिन पेजवर 'फरगॉट पासवर्ड' दाबा, युजरनेम टाका, मग सर्व्हर स्वतःच्या डेटा फोल्डरमध्ये पासवर्डरीसेट नावाने सुरू होणारी एक जेसन फाइल (साधी मजकुराची फाइल) बनवतो, जेलीफिन डॉकरवर (ॲप वेगळ्या कप्प्यात चालवणारं सॉफ्टवेअर) असेल तर तुम्ही जोडलेल्या कॉन्फिग फोल्डरात बघा, नॅसच्या फाइल मॅनेजरमधून उघडते. त्यात पिन असतो, तो ३० मिनिटांच्या आत टाकायचा, उशीर झाला की परत पहिल्यापासून. आणि तोच पिन तुमचा नवा पासवर्ड होतो, म्हणून आत शिरल्या शिरल्या प्रोफाइलमध्ये जाऊन बदलून टाका.