जुना, दुर्मिळ आरपीजी विकत घेताना या चुका टाळा

दर वर्षी गणपतीला चाकरमानी गावी आले, की रत्नागिरीतल्या माझ्या घरी निदान दोन-तीन जण एखादी जुनी व्हिडिओ गेमची कॅसेट रुमालात गुंडाळून घेऊन येतात आणि "काका, ही घेऊ का?" असे विचारतात. बहुतेकांनी ती आधीच घेतलेली असते आणि आता त्यांना फक्त होकार हवा असतो. कार्ट्रिजला आपल्याकडे कॅसेटच म्हणतात, म्हणून मीही तोच शब्द वापरतो. आपल्या किनारपट्टीवर घरटी नसले तरी वाडीगणिक कोणीतरी जहाजावर किंवा आखातात नोकरीला गेलेले असते, आणि त्यांनी नव्वदच्या दशकात मुलांसाठी आणलेले खेळ आजही पोटमाळ्यावरच्या ट्रंकांतून निघतात. त्यामुळे असा व्यवहार इथे वाटतो तितका विरळा नाही. विरळा आहे तो घेण्याआधी नीट तपासणारा माणूस.

इतर खेळ आणि आरपीजी, म्हणजे एखाद्या पात्राची भूमिका घेऊन कथा जगायचा 'रोल-प्लेइंग गेम', यांत एक मोठा फरक आहे, आणि तो लक्षात न घेतल्यामुळेच पुढच्या बहुतेक चुका होतात. गाड्यांच्या शर्यतीचा किंवा गोळीबाराचा खेळ अर्ध्या तासात कळतो आणि संध्याकाळी संपवता येतो. आरपीजीची कथा वीस, चाळीस, कधी साठ तास चालते. म्हणून असा खेळ घेण्याजोगा आहे का, याचा अर्थ मी एकच धरतो: समोर असलेली ही प्रत शेवटपर्यंत खेळता येईल का?

पहिला पडदा पाहून पैसे मोजणे

ही चूक मी सर्वांत जास्त वेळा पाहिली आहे आणि स्वतः केली आहे. २०१७ सालच्या ऑगस्टमध्ये आमच्या शेजारचा एक मुलगा जहाजावरून सुटीवर आला आणि त्याने 'क्रोनो ट्रिगर'ची अमेरिकन कॅसेट आणली. हा खेळ १९९५ सालचा, सुपर निन्टेन्डो या टीव्हीला जोडायच्या यंत्रावरचा. माझ्याकडे अमेरिकन यंत्र होते, त्यात कॅसेट घातली, घड्याळाचा तो लंबक हलताना दिसला, टिकटिक ऐकू आली, संगीत सुरू झाले, आणि मी साडेनऊ हजार रुपये मोजले. त्या रात्री दोन तास खेळलो, खेळ सेव्ह केला आणि झोपलो. सकाळी पाहतो तर सेव्हच्या तिन्ही जागा रिकाम्या.

त्या काळच्या अशा कॅसेटमध्ये सेव्ह केलेली माहिती एका छोट्या मेमरी चिपमध्ये राहते आणि यंत्र बंद असताना त्या चिपला जिवंत ठेवते ती तीन व्होल्टची, नाण्याच्या आकाराची बॅटरी. 'क्रोनो ट्रिगर'मध्ये ती सीआर२०३२ असते आणि माझ्या कॅसेटमधली बॅटरी कारखान्यात बसवलेलीच होती, म्हणजे बावीस वर्षांची. खेळ दुसऱ्या चिपमध्ये कायमचा कोरलेला असल्यामुळे बॅटरी मेली तरी पहिला पडदा, संगीत, लढाया सगळे व्यवस्थित चालते. विकणारा मुलगा प्रामाणिक होता. त्यानेही पहिल्या पडद्यापलीकडे काही पाहिले नव्हते.

कॅसेटचे स्क्रू साध्या पेचकसाने निघत नाहीत, त्यांना ३.८ मिलिमीटरचा खास बिट लागतो. तो गावात मिळेना, मागवला तर आठ दिवस लागणार होते, आणि मला धीर नव्हता. मी यंत्र चालूच ठेवायचे आणि फक्त टीव्ही बंद करायचा असे ठरवले. चार दिवस हे जमले आणि त्यात मी चौदा-पंधरा तास पुढे गेलो. पाचव्या संध्याकाळी समुद्राकडून पाऊस आला, वीज कडाडली आणि लाईट गेली. इन्व्हर्टरची जोडणी त्या खोलीतल्या प्लगपर्यंत नव्हती. खेळातली माणसे, त्यांनी गोळा केलेली शस्त्रे, मी काळजीने वाढवलेल्या त्यांच्या पातळ्या, सगळे एका क्षणात गेले. पुढे बिट आल्यावर कॅसेट उघडली तेव्हा मल्टिमीटरने बॅटरी १.१ व्होल्ट दाखवली. ती बदलली आणि ती कॅसेट आजतागायत नीट सेव्ह करते. पण पहिल्या चौदा-पंधरा तासांची ती कथा पुन्हा खेळायला मला दोन वर्षे मन झाले नाही.

तेव्हापासून माझी सवय ठरलेली आहे. मी विकणाऱ्याला सांगतो, की कॅसेट एक रात्र माझ्याकडे राहू दे. सेव्ह करण्याची पहिली जागा येईपर्यंत खेळतो, सेव्ह करतो, यंत्र बंद करून कॅसेट बाहेर काढतो आणि रात्रभर फडताळात ठेवतो. सकाळी सेव्ह जागेवर असेल तर पुढचे बोलणे. पाच सेकंद बंद करून पुन्हा चालू करणे ही परीक्षा नव्हे, कारण वीज गेल्यावरही ती चिप काही क्षण माहिती धरून ठेवू शकते. एक रात्र द्यायला जो तयार नसतो, त्याच्याकडून मी घेत नाही. हा नियम काहींना आडमुठेपणाचा वाटतो आणि त्यामुळे दोन चांगल्या कॅसेट माझ्या हातून गेल्याही आहेत, पण मला त्याची खंत वाटत नाही.

मेलेली बॅटरी हे न घेण्याचे कारण नाही, भाव कमी करण्याचे आहे. मात्र ती बदलताना सेलोटेपने चिकटवण्याचा मार्ग कृपा करून धरू नका; आठवड्याभरात टेपचा डिंक सुटतो आणि संपर्क तुटतो. नाण्याच्या बॅटरीवर थेट सोल्डर करणेही धोक्याचे आहे, कारण उष्णतेने ती फुटू शकते. पत्र्याच्या पट्ट्या आधीच जोडलेली बॅटरी मिळते, तीच आणावी. बदलताना जुने सेव्ह पुसले जाते, हे ज्याचे सेव्ह असेल त्याला आधी सांगावे. एका घरात लहानपणी वारलेल्या भावाचे सेव्ह त्या कॅसेटमध्ये होते आणि त्यांनी ती विकायचा विचारच सोडला, जे अगदी योग्य होते.

सगळ्या खेळांना हे लागू नाही. १९८६ सालचा पहिला जपानी 'ड्रॅगन क्वेस्ट' सेव्ह करतच नव्हता, लांबलचक सांकेतिक अक्षरे लिहून घ्यावी लागत. बॅटरी आली ती १९८८ सालच्या तिसऱ्या भागात. 'पोकेमॉन गोल्ड' आणि 'सिल्व्हर'मध्ये तीच बॅटरी आतले घड्याळही चालवते, म्हणून ती लवकर संपते. उलट गेम बॉय ॲडव्हान्स या हातात धरून खेळायच्या यंत्रावरच्या 'रुबी', 'सफायर' आणि 'एमराल्ड'मध्ये बॅटरी फक्त घड्याळापुरती असते आणि सेव्ह वेगळ्या प्रकारच्या मेमरीत राहते, तेव्हा बॅटरी संपल्याची सूचना पडद्यावर आली म्हणून अस्सल कॅसेट टाकून देण्याची घाई करू नये.

गंज पॉलिश पेपरने घासणे

आपल्या हवेत मीठ आहे आणि जूनपासून चार महिने भिंतीसुद्धा ओल धरतात. देशावरच्या कोरड्या हवेत वीस वर्षे पडलेली कॅसेट आणि वेंगुर्ल्यात समुद्रापासून हाकेच्या अंतरावर पडलेली कॅसेट यांची तुलनाच होत नाही. तिथल्याच एका मुलाने ट्रंकेतून निघालेला एक आरपीजी घेतला, तो चालेना, म्हणून त्याने सुताराकडचा पॉलिश पेपर आणून कॅसेटच्या दातऱ्या, म्हणजे यंत्राशी जोडणाऱ्या धातूच्या पट्ट्या, चकचकीत होईपर्यंत घासल्या. खेळ लगेच चालू झाला. त्याने मला आनंदाने फोन केला आणि मला मात्र पुढे काय होणार हे कळून चुकले. त्या दातऱ्यांवर सोन्याचा अत्यंत पातळ मुलामा असतो आणि तोच त्यांना खाऱ्या हवेपासून वाचवतो. मुलामा गेला, तांबे उघडे पडले, आणि आषाढ संपेपर्यंत त्यावर हिरवट पूड चढली. ती कॅसेट आता दर दोन आठवड्यांनी पुसावी लागते आणि प्रत्येक पुसण्यात थोडी झिजते.

योग्य उपाय कंटाळवाणा आहे. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कान साफ करायच्या कापसाच्या काड्या घ्याव्यात. पहिली काडी काळी निघते, दुसरी करडी, आणि गंज असेल तर तिसरी फिकट हिरवी. काडी पांढरी निघेपर्यंत थांबायचे नाही, मग तासभर वाळू द्यायचे. मला एकदा सव्वीस काड्या लागल्या होत्या. फुंकर मारण्याची आपल्या सगळ्यांची जुनी सवय सोडून द्यावी, कारण तोंडातली ओल थेट धातूवर बसते.

घेण्यापूर्वी कॅसेटच्या तोंडात टॉर्च मारून पाहावे. फक्त दातऱ्या काळवंडल्या असतील तर निर्धास्त घ्यावी. पण आतल्या पट्टीवरच्या (सर्किट बोर्डवरच्या) हिरव्या लेपाखाली काळसर रेघ धावताना दिसली, किंवा स्क्रूभोवती तांबूस वर्तुळ असले, तर पाणी आत शिरलेले आहे. अशी कॅसेट आज चालली तरी मी ती घेत नाही.

महागाला दुर्मिळ समजणे

रत्नागिरीत किंवा मालवणात कधी दिसली नाही म्हणून एखादी वस्तू जगात दुर्मिळ ठरत नाही. आपल्याकडे नव्वदच्या दशकात घरोघर जे टीव्ही गेम होते ते बहुतेक निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या जपानी यंत्राच्या नकला होत्या आणि त्यांच्या कॅसेटवर उड्या मारण्याचे आणि गोळीबाराचे खेळ असत. लांबलचक आरपीजी आपल्यापर्यंत पोहोचलेच नाहीत. म्हणून असा एखादा खेळ पहिल्यांदा हातात आला की छाती धडधडते आणि विकणारा ते ओळखतो. 'क्रोनो ट्रिगर' महाग आहे, पण त्याच्या प्रती भरपूर आहेत, आणि खेळ म्हणून तो २००८ साली निन्टेन्डो डीएसवर आणि २०१८ साली संगणकावरही आला. 'सुईकोडेन २'ची जुनी डिस्क वर्षानुवर्षे चढ्या भावाने विकली जात होती; २०२५ साली त्याची नवी आवृत्ती निघाली. ज्याला फक्त कथा अनुभवायची आहे त्याने आधी अशी आवृत्ती शोधावी. याउलट सेगा सॅटर्नवरचा १९९८ सालचा 'पॅन्झर ड्रॅगून सागा' पुन्हा कधी अधिकृतपणे निघालाच नाही, त्यामुळे तिथे जुन्या प्रतीसाठी जास्त पैसे मोजण्याला खरा अर्थ आहे. पण त्याच्या चार डिस्क आहेत, आणि लोक पहिली लावून पाहतात व तीन तशाच पिशवीत घालतात. चारही डिस्क उजेडासमोर धरून बारीक छिद्रे आणि खोल ओरखडे पाहावेत; कथेचा शेवट चौथ्या डिस्कवर आहे.

भाव ठरवताना विकणारे काय मागतात ते पाहू नये, तशी प्रत प्रत्यक्षात कितीला विकली गेली ते पाहावे. परदेशातून मागवणार असाल तर टपालखर्च आणि सीमाशुल्क मिळवल्याशिवाय तुलना करू नये.

बनावट प्रतींबद्दल थोडे सविस्तर सांगणे भाग आहे, कारण आरपीजीत बनावट प्रत फार उशिरा दगा देते. १९९५ सालच्या 'अर्थबाउंड'मध्ये नकलेविरुद्धचे उपाय एकामागून एक रचलेले आहेत: पहिली तपासणी कोणी मोडून काढली तरी खेळ शत्रूंची संख्या वाढवतो, आणि तरीही कोणी नेटाने शेवटापर्यंत पोहोचला तर अखेरच्या लढाईत खेळ गोठतो आणि सगळे सेव्ह पुसतो. ज्याच्याकडे अशी अर्धवट मोडलेली नक्कल येते त्याला हे तीस तासांनंतर कळते. म्हणून महाग कॅसेट उघडून पाहू देण्याचा आग्रह धरावा. आतल्या पट्टीवर मूळ कंपनीचे नाव आणि वर्ष नीट छापलेले असावे. चिपच्या जागी काळ्या डांबरासारखा गोळा दिसला तर व्यवहार तिथेच थांबवावा. गेम बॉय ॲडव्हान्सच्या कॅसेटच्या लेबलावर दोन अंकांचा हलका ठसा असतो, तो तिरप्या उजेडात दिसतो.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगतो. जपानी आवृत्ती स्वस्त मिळाली म्हणून घेऊ नये. उड्या मारायला भाषा लागत नाही, पण इथे चाळीस तास संवाद वाचायचे असतात. जपानी अडॅप्टर १०० व्होल्टचा आणि अमेरिकन १२० व्होल्टचा असतो, तो आपल्या २३० व्होल्टच्या प्लगमध्ये घातला की जळतो. घरातला जुना टीव्ही फक्त पाल या आपल्याकडच्या रंगीत चित्राच्या पद्धतीचा असेल तर अमेरिकन यंत्राचे चित्र कृष्णधवल दिसते; ते यंत्र बिघडलेले नसते. खोका आणि पुस्तिका यांचा वेगळा भाव देण्यापूर्वी त्या उघडून हुंगाव्यात, कारण बुरशीचा वास जात नाही आणि कसर लागलेला कागद शेजारच्या कागदांनाही लागतो.

घेतलेली कॅसेट कपाटात उघडी ठेवू नये. मी झाकणाला रबराची कड असलेल्या स्वयंपाकघरातल्या डब्यात प्रत्येक कॅसेट वेगळ्या पिशवीत ठेवतो, तळाशी सिलिका जेलच्या चार पुड्या घालतो आणि झाकणावर तारीख लिहितो. निळे दाणे गुलाबी झाले की पुड्या बदलायच्या. मे महिन्यात त्या दोन महिने टिकतात, जुलैत दहा दिवसांत गुलाबी होतात.