एपीआयची सिग्नेचर जुळत नाही? या चुका टाळा

बऱ्याच एपीआयमध्ये रिक्वेस्टसोबत सिग्नेचर, म्हणजे दोघांनाच माहीत असलेल्या सीक्रेटने मजकुरावर केलेली सही, जाते आणि समोरचा सर्व्हर ती स्वतः काढून ताडून बघतो. लॉगमध्ये ‘सिग्नेचर मिसमॅच’ दिसलं की टीममध्ये ठरलेल्या तीन गोष्टी होतात. एक जण सीक्रेट नव्याने जनरेट करतो. दुसरा लायब्ररीचं व्हर्जन बदलून बघतो. तिसरा म्हणतो, ‘सध्या व्हेरिफिकेशन बंद करू, गो-लाइव्ह होऊन जाऊ दे, मग बघू.’ पहिल्या दोघांचा फक्त वेळ जातो. तिसऱ्याचा उपाय म्हणजे कुलूप नीट लागत नाही म्हणून दारच काढून ठेवणं.

अशी सही काढायची नेहमीची पद्धत म्हणजे एचमॅक. तिचं गणित १९९७ साली आरएफसी २१०४ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात लिहून ठेवलंय आणि त्याचा नियम सरळ आहे: की (म्हणजे सीक्रेट) तीच, बाइट्स तेच, तर उत्तरही तेच. रोज लाखो लोक वापरतात त्या लायब्ररीत नेमकं तुमच्यासाठी ते चुकेल, याची शक्यता जवळजवळ शून्य. उरतात दोनच शक्यता. एकतर दोन्हीकडच्या की वेगळ्या आहेत, नाहीतर दोन्हीकडे सही केलेला मजकूर वेगळा आहे.

यातलं काय झालंय ते आधी ठरवा. दोन्ही बाजूंनी एकच साधा, ठरलेला इंग्रजी शब्द त्याच सीक्रेटने साइन करून बघा. उत्तर जुळलं तर की बरोबर आहे, घोडं मजकुरात पेंड खातंय. नाही जुळलं तर मजकुराकडे बघायचं कारणच नाही. एवढी पाच मिनिटांची तपासणी न करता लोक दोन-दोन दिवस मेलामेली करत बसतात, हे मला अजून कळलेलं नाही.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे दोन सह्या शेजारी ठेवून निरखत बसणं. एक बाइट बदलला तरी सगळी सही बदलते. ‘जवळपास जुळली’ असं इथं काही नसतं. तुलना करायची ती सहीआधी तयार होणाऱ्या मजकुराची, म्हणजे ‘स्ट्रिंग टू साइन’ची. ती दोन्हीकडे लॉग करा आणि सोबत तिची लांबी बाइट्समध्ये लिहा. अक्षरं मोजू नका: ‘ठाणे’ हा शब्द युनिकोडमध्ये ४ कोडपॉइंटचा (नंबर दिलेल्या चिन्हांचा) आहे, यूटीएफ-८ मध्ये १२ बाइट्सचा. हे सगळं स्टेजिंगवर, म्हणजे चाचणीच्या सर्व्हरवर, करा, कारण ग्राहकांचे पत्ते प्रॉडक्शनच्या लॉगमध्ये सांडायचे नसतात. ॲमेझॉनची एस३ सेवा तर सही जुळली नाही की तिने स्वतः बनवलेली स्ट्रिंग एररमध्येच परत पाठवते. ते लांबलचक एक्सएमएल कोणी वाचत नाही, ही गोष्ट वेगळी.

ठाण्याच्या ऑर्डरी अडतात, वाशीच्या जातात

महाप्यातल्या एका टीमचं डिलिव्हरीचं इंटिग्रेशन होतं. वाशी, कोपरखैरणे, घणसोली, बेलापूर, सगळीकडच्या ऑर्डरी सुरळीत. ठाण्याच्या मात्र बहुतेक ४०१ (‘ओळख पटली नाही’ हा एरर) खाऊन परत. कल्याण, डोंबिवलीची तीच गत. साहजिकच सगळ्यांचा संशय पिनकोडच्या टेबलावर गेला. मग कुणीतरी म्हणालं की ठाण्याचं गोदाम चुकीच्या अकाउंटला जोडलंय. टेस्टर मुलीने तेवढ्यात एक गोष्ट टिपली: पत्त्यात नुसतं ‘ठाणे’ लिहिलेली ऑर्डर जाते, ‘ठाणे (प.)’ लिहिलेली अडते.

दोन्हीकडच्या स्ट्रिंग काढल्या. ‘ठाणे (प.)’ हा तुकडा क्लायंटकडे एन्कोड होऊन (यूआरएलमध्ये न चालणाऱ्या प्रत्येक बाइटच्या जागी % आणि दोन अक्षरं येऊन) ५१ बाइट्सचा झाला होता, सर्व्हरकडे ५५. फरक ४ चा. कंस दोन, प्रत्येक कंस एकीकडे १ बाइट, दुसरीकडे %२८ किंवा %२९ असे ३ बाइट्स. हिशोब तिथंच लागला.

क्लायंट नोडमध्ये, म्हणजे सर्व्हरवरच्या जावास्क्रिप्टमध्ये, होता. जावास्क्रिप्टचं ‘एन्कोड यूआरआय कंपोनंट’ हे फंक्शन गोल कंस, उद्गारचिन्ह, तारका आणि एकेरी अवतरण यांना हात लावत नाही. सर्व्हर पायथनमध्ये, तो आलेले पॅरामीटर आधी डिकोड करून मग पुन्हा एन्कोड करत होता आणि त्याचं ‘कोट’ फंक्शन कंस बदलतं. २००५ च्या आरएफसी ३९८६ प्रमाणे बिनधास्त तसेच ठेवायचे ते फक्त इंग्रजी अक्षरं, अंक, हायफन, टिंब, अंडरस्कोअर आणि टिल्ड. पूर्व-पश्चिम कंसात लिहायची आपल्या रेल्वेलाइनवरची सवय या यादीत बसत नाही.

दोन शब्दांमधल्या रिकाम्या जागेचंही असंच. काही फंक्शनं स्पेसचं %२० करतात, काही अधिकचिन्ह. जावाचा ‘यूआरएल एन्कोडर’ अधिकचिन्ह देतो, तारका तशीच ठेवतो आणि टिल्ड मात्र बदलतो, म्हणजे तीन ठिकाणी वाट चुकते. तो बनवलाय एचटीएमएल फॉर्मसाठी; सहीच्या स्ट्रिंगसाठी तो थेट वापरू नका. एन्कोडिंगचं एकच छोटं फंक्शन लिहा, त्यात वरची यादी घाला आणि सगळीकडून तेच वापरा. पॅरामीटरचा क्रम लावायचा असेल तर तो एन्कोड करण्याआधी की नंतर, तेही समोरच्या कंपनीच्या कागदपत्रांत बघून घ्या.

बॉडी उलगडून पुन्हा घडी घालू नका

वेबहुकच्या, म्हणजे समोरची कंपनी आपणहून आपल्या सर्व्हरला पाठवते त्या रिक्वेस्टच्या, बाबतीत मला सगळ्यांत जास्त दिसणारी चूक ही. रिक्वेस्ट आली, फ्रेमवर्कने बॉडीतलं जेसन (डेटा मजकूर म्हणून लिहायची पद्धत) वाचून ऑब्जेक्ट केला, डेव्हलपरने त्या ऑब्जेक्टचं पुन्हा जेसन केलं आणि त्यावर सही काढली. डोळ्याला मजकूर सारखाच दिसतो. बाइट्स सारखे नसतात.

प्लॉट नंबर ‘४/अ’ घ्या. पीएचपीचं ‘जेसन एन्कोड’ सांगितल्याशिवाय त्या तिरप्या रेघेआधी उलटी रेघ घालतं आणि ‘अ’चं रूपांतर युनिकोडच्या आकड्यात करतं. पायथनही देवनागरी तशी ठेवत नाही, शिवाय स्वल्पविराम आणि कोलननंतर एकेक स्पेस सोडतं. जावास्क्रिप्ट स्पेस सोडत नाही आणि देवनागरीला धक्का लावत नाही. रकमेची तर गंमतच: आलेले ५००.०० पायथनमधून फिरून ५००.० होतात आणि जावास्क्रिप्टमधून ५००. ऑर्डर आयडी आकड्यात पाठवला असेल आणि तो ९००७१९९२५४७४०९९१ च्या पुढे गेला, तर जावास्क्रिप्ट शेवटचे अंकही बदलू शकतं, तेव्हा नुसती सहीच नाही, ऑर्डरही चुकते.

उपाय एकच. तारेवरून आले ते कच्चे बाइट्स घ्या, सही तपासा, मगच जेसन उघडा. नोडच्या एक्सप्रेस फ्रेमवर्कच्या जेसन मिडलवेअरमध्ये ‘व्हेरिफाय’ नावाचा पर्याय आहे, तिथं कच्चा बफर हाती येतो. पायथनच्या जँगोत रिक्वेस्टची बॉडी मुळातच बाइट्समध्ये मिळते. जावात बॉडीचा स्ट्रीम एकदाच वाचता येतो, म्हणून आधीच्या एखाद्या फिल्टरने तो वाचून संपवला नाही ना ते बघा. संपला असेल तर तुम्ही रिकाम्या मजकुराचा हॅश (मजकुरावरून काढलेला ठसा) काढत असता. तो ओळखता येतो: सीक्रेट न घालता काढलेला रिकाम्या मजकुराचा एसएचए-२५६ हॅश नेहमी ‘ई३बी०सी४४२’ने सुरू होतो. लॉगमध्ये ही अक्षरं दिसली की पुढचा तपास थांबवा, बॉडी हरवलीये.

एक खास आपल्याकडची भानगड. ‘कऱ्हाडे’ आडनावातला ऱ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो: एक अखंड अक्षर म्हणून, किंवा र आणि त्याखाली नुक्ता म्हणून. पडद्यावर काडीचा फरक नाही, बाइट्समध्ये ३ चा फरक. मधल्या एखाद्या पायरीने मजकूर ‘नॉर्मलाइज’ केला, म्हणजे सगळीकडे एकच तऱ्हा केली, तर फक्त कऱ्हाडे, गोऱ्हे अशा मंडळींच्या रिक्वेस्ट अडतील आणि कारण सापडता सापडणार नाही. सहीसाठी मजकूर कुठेही नॉर्मलाइज करू नका.

सीक्रेटबद्दल

इथं फार खोल जायला नको. ‘इको’ कमांडने सीक्रेट फाइलमध्ये टाकलं की शेवटी न्यूलाइन चिकटते आणि ३२ अक्षरांचं सीक्रेट ३३ बाइट्सचं होतं. लांबी बघा, कळेल. बेस६४ मध्ये (बाइट्स साध्या अक्षरांत लिहायच्या पद्धतीत) दिलेलं सीक्रेट आधी डिकोड करायचं की तसंच वापरायचं, हे दर कंपनीचं वेगळं असतं. टेस्ट आणि लाइव्हची अदलाबदल होते ती वेगळीच.

रेझरपे या पेमेंट सेवेसोबत काम करणाऱ्यांची हमखास गफलत: वेबहुकचं सीक्रेट आपण डॅशबोर्डवर स्वतंत्र ठेवतो आणि वेबहुकची सही त्यानेच तपासायची असते. चेकआउटनंतर परत येणारी सही मात्र ऑर्डर आयडी आणि पेमेंट आयडी यांच्यामध्ये उभी रेघ घालून, एपीआयच्या की-सीक्रेटने तपासायची. दोन सह्या, दोन सीक्रेट.

फरक १९,८०० सेकंदांचा असेल तर

बऱ्याच योजनांमध्ये सहीत वेळही असते. एस३ १५ मिनिटांपर्यंतचा फरक चालवून घेते, स्ट्राइप या पेमेंट कंपनीच्या लायब्ररी वेबहुकसाठी मुळात ५ मिनिटं धरतात. सर्व्हरचं घड्याळ थोडं सरकलं असेल तर एनटीपी (घड्याळ जुळवून ठेवणारी सेवा) चालू आहे का बघा. पण फरक नेमका १९,८०० सेकंद निघाला तर घड्याळाला दोष देऊ नका. ते साडेपाच तास आहेत: कुणीतरी भारतीय वेळ घेऊन तिच्यापुढे यूटीसीचा, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेचा, शिक्का मारलाय.

याचाच छुपा भाऊ जास्त त्रास देतो. ॲमेझॉनच्या सिग्नेचर व्हर्जन ४ मध्ये वेळेशिवाय नुसती तारीखही वेगळी लागते आणि तीही यूटीसीची. वेळ बरोबर घेतली, पण तारीख स्थानिक घेतली, तर दिवसभर सगळं छान चालतं. रात्री १२ ते पहाटे ५.३० या वेळात मात्र आपली तारीख एक दिवस पुढे असते, आणि नेमके तेव्हाच आपले बॅच जॉब चालतात. सकाळी टीम ऑफिसात येऊन बघते तर पुन्हा सगळं ठीक. ‘रात्री नेटवर्क डाउन होतं वाटतं’ म्हणून अशी तिकिटं बंद झालेली मी पाहिली आहेत.

मधला प्रॉक्सी आणि शेवटची तुलना

लोकलला चालतं, स्टेजिंगला नाही, अशी तक्रार असेल तर मध्ये कोण बसलंय ते आधी विचारा. एनजिनएक्ससारखा प्रॉक्सी (रिक्वेस्ट पुढे सोडणारा मधला सर्व्हर) किंवा गेटवे पाथचा सुरुवातीचा भाग कापतो, होस्ट हेडर बदलतो किंवा त्यातला पोर्ट गाळतो. क्लायंटने बाहेरच्या पत्त्यावर सही केली, सर्व्हर आतल्या पत्त्यावर तपासतोय. ॲप्लिकेशनपर्यंत पोचलेला पाथ आणि होस्ट लॉग केला की उलगडा होतो.

आता तुलना. गिटहब सहीच्या आधी ‘एसएचए२५६’ आणि बरोबरचं चिन्ह लावून पाठवतं, ते काढल्याशिवाय किंवा आपल्या बाजूला जोडल्याशिवाय जुळणार नाही. शॉपिफाय बेस६४ देतं. लांबीवरूनच ओळखा: हेक्समध्ये (० ते ९ आणि ए ते एफ) ६४ अक्षरं, बेस६४ मध्ये ४४. तुलनेसाठी साधं बरोबरचं चिन्ह नको, तुलनेला लागलेल्या वेळेवरून सहीबद्दल काही फुटणार नाही असं फंक्शन वापरा. नोडमध्ये ते ‘टायमिंग सेफ इक्वल’. पण दोन बफरची लांबी वेगळी असली तर ते खोटं असं उत्तर देत नाही, थेट एरर फेकतं. मग बाहेरच्या कुणी अर्धवट सही पाठवली की तुमचा सर्व्हर ४०१ ऐवजी ५०० (सर्व्हरच बिघडल्याचा एरर) देतो आणि रात्री ऑन-कॉल माणसाचा फोन वाजतो. लांबी आधी तपासा, वेगळी असेल तर तिथंच ४०१ देऊन मोकळे व्हा.