मर्लो कशी ओतावी, कशाबरोबर घ्यावी

मर्लो ही मूळची फ्रान्समधील बोर्दो भागातील काळ्या द्राक्षाची जात असून, तिच्या वाइनला पिकलेल्या आलुबुखाराचा आणि चेरीचा स्वाद असतो. शिवाय तुरटपणा काबर्ने सोव्हिन्याँ या दुसऱ्या लाल वाइनपेक्षा मवाळ असल्याने नवख्यालाही ती रुचते. ‘खोलीच्या तापमानाला द्यावी’ हा सल्ला बेळगावच्या एप्रिलमध्ये फसवा ठरतो, म्हणून बाटली आधी फ्रिजमध्ये ठेवून साधारण १६ ते १८ अंशांवर ओतावी. जोडीला कांदा-खोबरे खरपूस भाजून केलेले, पण बेताच्या तिखटाचे सुके मटण घ्यावे, कारण मिरचीच्या जाळाबरोबर अल्कोहोल अधिकच झोंबते. तांबड्या रश्श्यासोबत ती, माझ्या मते, वायाच जाते. कुंद्याचा, म्हणजे बेळगावच्या दुधाच्या मिठाईचा, डबा मात्र पेला रिकामा झाल्यावरच उघडावा. त्या गोडीपुढे हीच वाइन आंबट लागते.